तीन दिवसांच्या टाक्या: श्रीलंकेतल्या कासव हॅचरीत गेलेल्या एका स्वयंसेविकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण 2024 च्या मार्चमधलं. स्वयंसेविका माझी माजी विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्ह्यातली, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि तेव्हा नोकरीच्या शोधात असलेली. तिच्या संमतीने लिहिते आहे. तिचं नाव, हॅचरीचं (म्हणजे कासवाची अंडी आणून उबवायच्या जागेचं) गाव आणि पाठवणारी एजन्सी मुद्दाम वगळली आहे. कोणाचं नाक कापायचा हेतू नाही. "मॅडम, मुलगी बाहेरदेशी कासवं वाचवायला जाते म्हणते, बरं असतं का हो ते?" असे पालकांचे फोन येतात. त्यांना एकदा सविस्तर उत्तर द्यावं, एवढंच.

कासवं तिला नवी नव्हती. शिकत असताना वेळासच्या कासव महोत्सवात पाहुण्यांना माहिती सांगायचं काम तिने केलं होतं. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून घरटी जपायला सुरुवात केली, 2006 पासून महोत्सव भरू लागला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरांत उतरू लागले. तिथली पद्धत तिच्या अंगवळणी पडलेली होती. कासवमित्र पहाटे किनारा चालतो, मादीच्या माग-खुणांवरून घरटं हुडकतो, अंडी कुंपणात हलवतो आणि पिल्लं वर आली की त्याच सकाळी किंवा संध्याकाळी ती सोडली जातात. पाहुणे दोरीच्या अलीकडे. पिल्लू त्यांच्या हातात येत नाही.

श्रीलंकाच का, याला कारण 'बागेश्री'. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या जातीच्या दोन समुद्री कासव माद्यांच्या पाठीवर, त्यांचा माग उपग्रहावरून कळावा म्हणून टॅग बसवले होते, त्यातली ही एक. ती दक्षिणेकडे निघाली, कन्याकुमारी ओलांडली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. आमच्या विभागातल्या अर्ध्या मुली तेव्हा रोज तिचा नकाशा बघायच्या. शिवाय कोकणात अंडी घालायला येतं ते जवळजवळ फक्त ऑलिव्ह रिडले. श्रीलंकेत मात्र जगातल्या सात समुद्री कासवांपैकी पाच जाती अंडी घालतात, आणि सर्वात जास्त घरटी हिरव्या कासवाची. हिरवं कासव बघायची तिची फार इच्छा होती.

एका परदेशी एजन्सीमार्फत तिने दोन आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. एजन्सीची फी, विमान, विमा आणि वरखर्च मिळून लाखाच्या वर गेलं. निम्मे पैसे वडिलांचे, निम्मे शिकवण्यांचे. त्या काळात श्रीलंकेने भारतीयांना पर्यटक व्हिसा फुकट देऊ केला होता. एजन्सीने तिला बजावलं की विमानतळावर "फिरायला आलेय" एवढंच सांग. जाहिरातीत तळहातावर पिल्लू घेतलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो होता.

या दोन गोष्टींवर मी मुद्दाम बोट ठेवते. काम करायला बोलावून ते लपवायला सांगणारी संस्था आणि पिल्लू हातात देण्याचं आश्वासन देणारी जाहिरात, दोन्ही तिला पैसे भरण्याआधी दिसल्या होत्या. पुढे जे झालं त्यात अनपेक्षित असं फार कमी होतं.

हॅचरी कशी होती

बेंतोट ते अंबलंगोड या पट्ट्यात गॉल रस्त्याच्या कडेने कासवांच्या हॅचऱ्यांच्या पाट्याच पाट्या दिसतात. ही त्यातलीच एक. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे नारळाची झाडं. पुढे तिकीट खिडकी, मग जाळीचं कुंपण घातलेली वाळू, त्यात घरट्यागणिक एक काठी आणि काठीवर तारीख, जात, अंड्यांची संख्या. पलीकडे सिमेंटच्या टाक्या. मोठ्या टाक्यांत जाळ्यात अडकून पुढचा पाय गमावलेली मोठी कासवं आणि कुतूहल म्हणून ठेवलेलं एक पांढरं कासव. लहान टाक्या तीन, त्यांवर रंगाने लिहिलेलं: डे वन, डे टू, डे थ्री.

स्वयंसेवकांचा दिवस टाक्यांपासून सुरू व्हायचा. पाणी उपसायचं, भिंतीवरचं शेवाळ खराट्याने घासायचं, पंप लावून समुद्राचं पाणी भरायचं, मोठ्या कासवांच्या पाठी मऊ ब्रशने साफ करायच्या, मासळी कापायची. दुपारी पर्यटकांना माहिती सांगायची. साडेपाचला बसगाड्या यायच्या. मग टाकीतली पिल्लं टोपलीत घेऊन किनाऱ्यावर जायचं, आणि जादा पैसे भरलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक पिल्लू द्यायचं.

अंडी कशी येतात हे तिने दुसऱ्याच पहाटे पाहिलं. चार-साडेचारला फाटकाशी सायकल थांबली. हँडलला पोतं लटकलेलं, पोत्यात वाळूसकट अंडी. रात्रपाळीच्या म्हाताऱ्या कामगाराने टॉर्चवर लाल कागद गुंडाळून ती मोजली, पाटीत ठेवली, पैसे दिले. सायकलवाला खाडीपलीकडच्या किनाऱ्यावरून आला होता. मालक अंड्यामागे बाजारापेक्षा थोडा जास्त भाव द्यायचा, म्हणून अंडी खाणाऱ्याच्या ताटात न जाता इथे यायची. या भागातल्या हॅचऱ्यांचं अर्थशास्त्र इतकं सरळ आहे: तिकिटाच्या पैशाने अंडी विकत घेतली जातात.

कायदा मात्र वेगळं सांगतो. श्रीलंकेत 1972 पासून सगळ्या समुद्री कासवांना संरक्षण आहे आणि अंडी बाळगणं हाही गुन्हा आहे. तरी हॅचऱ्या भर रस्त्यावर पाट्या लावून चालतात.

अडचण नेमकी काय

पहिले तीन-चार दिवस ती खुशीत होती. पाचव्या दिवशी रात्री फोन आला. "मॅडम, ही पिल्लं टाकीत तीन-तीन दिवस ठेवतात हो. विचारलं तर म्हणतात, पोटावरची नाळ सुकली पाहिजे, नाहीतर मासे वासावर येऊन खातात. मी काय करू? निघून येऊ?"

हे स्पष्टीकरण तिथे जवळपास प्रत्येक पर्यटकाला दिलं जातं, आणि ऐकायला पटतंही. पण ते उलटं आहे. वाळूतून वर आलेल्या पिल्लाच्या पोटात उरलेला पिवळा बलक ही त्याची शिदोरी. त्या बळावर ते पहिला दिवसभर न थांबता पोहत सुटतं आणि किनाऱ्याजवळच्या धोक्याच्या पाण्यातून बाहेर पडतं. टाकीत टाकलं तरी ते पोहतंच, फक्त भिंतीवर डोकं आपटत. तीन दिवसांनी समुद्रात सोडता तेव्हा शिदोरी बरीच खर्च झालेली असते आणि पोहण्याचा तो पहिला झपाटा ओसरलेला असतो. दाटीवाटीत पिल्लं एकमेकांना चावतात, जखमा चिघळतात. आणि रोज त्याच जागी, त्याच वेळी सोडत राहिलं की मासेही तिथे जमायला शिकतात.

"निघून ये" म्हणणं मला सोपं होतं. मी तिला विचारलं, तुझ्या वहीत काय आहे? हॅचरीच्या रजिस्टरमध्ये घरट्याची तारीख होती, अंडी किती, फुटली किती हे होतं, पण पिल्लं कधी सोडली हा रकानाच नव्हता. म्हटलं, आधी तो रकाना भर. चार-पाच दिवस कोणाशी वाद घालू नकोस, फक्त लिही.

तिने लिहिलं. एका घरट्यातून रात्री नव्वदच्या आसपास पिल्लं आली. पहिल्या संध्याकाळी त्यातली पंचवीस-तीस गेली, कारण बस एकच आली होती. दुसऱ्या संध्याकाळी तेवढीच. तिसऱ्या दिवशी रविवार, उरलेली सगळी एका तासात संपली. टाकीत सात मेलेली. पुढच्या घरट्याची गोष्ट निराळी: पिल्लं मंगळवारी आली, बुधवारी पाऊस, पर्यटक नाहीत, म्हणून शुक्रवारपर्यंत टाकीत.

वहीतून एक गोष्ट उघडी पडली, आणि या प्रकरणाचा गाभा मला तोच वाटतो. पिल्लं किती दिवस ठेवायची हे नाळेवर ठरत नव्हतं, गिऱ्हाइकावर ठरत होतं. आणि गिऱ्हाइकांत स्वयंसेवकही आले. कारण एजन्सीने प्रत्येक तुकडीला 'आठवड्यातून किमान तीनदा पिल्लं सोडण्याचा अनुभव' कबूल केला होता. टाकी भरलेली ठेवण्यामागच्या कारणांपैकी एक कारण ती स्वतः होती.

समोरचे पर्याय

पहिला अर्थातच परत येण्याचा. पैसे परत मिळणार नव्हते, तिकीट बदलायला वेगळा खर्च होता. त्याने काही बदललंही नसतं, पुढच्या सोमवारी दुसरी तुकडी येणारच होती.

दुसरा पर्याय तिच्या सोबतच्या डच मुलाचा: व्हिडिओ काढू, समाजमाध्यमांवर टाकू, वन्यजीव खात्याला टॅग करू. तो फार तावातावाने बोलत होता म्हणे. यावर आमचं लांबलचक बोलणं झालं. माझं मत होतं की तक्रार करायची असेल तर खात्याकडे लेखी करावी, वहीतल्या नोंदींसकट. व्हिडिओने मालकाला शिव्या मिळतील आणि शेजारच्या हॅचरीला गिऱ्हाईक. तिचा प्रश्न त्याहून खोल होता: हॅचरी बंद पडली तर सायकलवाल्याची अंडी कुठे जातील? बाजारात. पण मग हेही खरं की हॅचरीने भाव दिल्यामुळेच तो रात्री किनारा पिंजून काढतो, आणि जी घरटी जागच्या जागी सुखरूप फुटली असती तीही उपसून आणतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. दोन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुणीने याचा निवाडा करू नये असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

तिसरा पर्याय, गप्प राहून काम करायचं आणि परत येऊन अनुभव लिहायचा. बहुतेक जण हाच घेतात.

चौथा, मालकाशी बोलायचं. पण काय बोलायचं? "हे चूक आहे" म्हणून कोणी दुकान बदलत नाही. या मालकाने 2004 च्या त्सुनामीत अख्खी हॅचरी गमावली होती, पुन्हा उभी केली. मग 2019 चे ईस्टरचे बॉम्बस्फोट, लगेच कोविड, आणि 2022 च्या आर्थिक संकटात पेट्रोलच्या रांगा लागल्या तेव्हा रस्त्यावर पर्यटकच उरला नव्हता. अशा माणसाला सव्वीस वर्षांची भारतीय मुलगी प्राणिशास्त्र शिकवायला गेली, तर तो चहा पाजून वाटेला लावणार.

निर्णय घेण्याआधी तिने एक शहाणपणा केला, आणि तो तिचा स्वतःचा. सुट्टीच्या दिवशी कोस्ट लाइनच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रेल्वेच्या गाडीने माताराला गेली, तिथून बसने तंगल्लला आणि पुढे रेकव या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावाला. रेकवला घरटी हलवत नाहीत, जिथे मादीने अंडी घातली तिथेच राखतात. 1990 च्या दशकात तिथे काम सुरू झालं तेव्हा अंडी चोरणाऱ्यांनाच राखणीवर पगार देऊन ठेवलं होतं. 2006 पासून तो किनारा अभयारण्य आहे. पाहुण्यांनी रात्री अंधारात बसून राहायचं, राखणदार बोलावेल तेव्हाच जायचं, दिवा नाही, फ्लॅश नाही. ती तीन तास बसली. मग हिरवं कासव बघितलं, म्हणजे खरं तर त्याची पाठ आणि मागच्या पायांनी उडवलेली वाळू. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाली, "मॅडम, तिथे काहीच दाखवत नाहीत, तरी लोक पैसे देतात." मालकापुढे काय ठेवायचं ते तिला या वाक्यात सापडलं.

काय केलं

आधी तिने मालकाच्या गल्ल्याला हात न लागणाऱ्या दोन गोष्टी काढल्या.

एक, सावली. घरट्यांचं कुंपण भर उन्हात होतं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण 29 अंशांच्या आसपास दोन्ही निम्मेनिम्मे, त्याहून गरम झालं की माद्या वाढत जातात, आणि आणखी तापलं तर अंडी मरतात. तिने बाजारातून साधा थर्मामीटर आणला, एका काठीला बांधून अंड्यांच्या खोलीइतका वाळूत खुपसला, आकडे मालकाला दाखवले. दुपारपर्यंत माणसं नारळाच्या झावळ्या टाकून मांडव घालत होती. फुकटचं काम, लगेच झालं.

दुसरी, पोतं. अंडी घातल्यावर पहिल्या काही तासांत हलवली तर चालतात. मग आतला गर्भ कवचाच्या आतल्या अंगाला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की गर्भ दगावतो. सायकलच्या हँडलला लटकून, खड्ड्यांतून, कधीकधी सकाळी आठला येणाऱ्या पोत्याचं काय होत असेल? सायकलवाल्यांना मालकाने झाकणाच्या बादल्या दिल्या, तळाशी ओली वाळू, आणि अंडी कधी घातली ती वेळ सांगणाऱ्याला दोन पैसे जास्त. यात मालकाचाच फायदा होता. विकत घेतलेलं अंडं फुटलं नाही तर नुकसान त्याचंच.

टाकीचा विषय अजून निघाला नव्हता. तो निघाला तो रात्रपाळीच्या म्हाताऱ्यामुळे. सगळे त्याला मामा म्हणत, ती पण मामाच म्हणायची, तो तिला दुवे, म्हणजे मुली. तरुणपणी तोही अंडी काढायचा. एका रात्री दीडच्या सुमाराला ती झोप येईना म्हणून बाहेर आली, तर मामा कुंपणातून बादली घेऊन किनाऱ्याकडे निघालेला. बादलीत चाळीसेक पिल्लं, नुकतीच वर आलेली, पायांचा कागद कुस्करल्यासारखा आवाज. तिला बघून थबकला. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, रात्री सोडलं की जोरात जातात, टाकीतली दमलेली असतात, मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. टाकीत पुरतील एवढी ठेवतो, उरलेली नेतो. मालक विचारत नाही, मी सांगत नाही.

इथे ती एका वेगळ्याच पेचात सापडली. मालकाशी बोलताना ही गोष्ट काढली असती तर तिचा मुद्दा भक्कम झाला असता, आणि मामाची नोकरी गेली असती. तिने ती काढली नाही. मला हा तिच्या सगळ्या मुक्कामातला सर्वात चांगला निर्णय वाटतो. मालकाला ठाऊक असावं असा माझा संशय आहे, पण ठाऊक असणं आणि समोर ऐकावं लागणं यांत अंतर असतं.

मालकाशी बोलणं संध्याकाळी झालं, बसगाड्या गेल्यावर. कोरा चहा आणि सोबत किथुलच्या गुळाचा खडा. तिने वही उघडून टाकीत मेलेली पिल्लं दाखवली, पण आरोपाच्या सुरात नाही. म्हणाली, सर, ही तुम्ही पैसे देऊन घेतलेली अंडी आहेत. मग प्रस्ताव मांडला: फाटक बंद झाल्यावर जी घरटी फुटतात त्यांतली पिल्लं त्याच रात्री सोडायची, दर वेळी किनाऱ्याची जागा बदलून. पिल्लं बहुतेक रात्रीच वर येतात, त्यामुळे बहुतेक पिल्लं यातच आली असती, पण हे तिने बोलून दाखवलं नाही.

मालकाचा प्रश्न अपेक्षित होता. दिवसा लोकांना काय दाखवू?

तिने रेकवचं सांगितलं. आणि तीन गोष्टी सुचवल्या: जाळ्यात पाय गमावलेल्या कासवांची गोष्ट सांगणारा फलक, फुटून गेलेलं घरटं संध्याकाळी उकरून आतल्या कवचांची मोजणी लोकांसमोर करणं, आणि एका टाकीत थोडी पिल्लं, फक्त बघायला, हातात नाही. घरट्याची मोजणी कामाचीच असते, तळाशी अडकलेलं एखादं जिवंत पिल्लू मिळतं, आणि लोक त्यासाठी अर्धा तास उभे राहतात. मालक शेवटच्या सूचनेतला 'हातात नाही' सोडून बाकी सगळ्याला तयार झाला.

त्यावर तिने फार ताणलं नाही. मी तिच्या जागी असते तर ताणलं असतं आणि बहुधा सगळंच हातचं गेलं असतं.

निष्पत्ती

तिचे उरलेले दिवस फलक रंगवण्यात गेले. इंग्रजीत आणि हिंदीत, कारण त्या हंगामात भारतीय पर्यटक खूप होते. डच मुलाने व्हिडिओ टाकला नाही, पण निघताना एजन्सीला कडक पत्र लिहिलं. त्याला आलेल्या उत्तरात पुढच्या बुकिंगवर सवलत होती.

वन्यजीव खात्याला तिने परत आल्यावर लेखी कळवलं. हॅचरीचं नाव न घेता, टाक्यांच्या पद्धतीबद्दल, वहीतल्या नोंदींसकट. पोच आली, पुढे काही नाही.

हॅचरीची बातमी मामाच्या नातवाच्या फोनवरून अधूनमधून येत राहिली. झावळ्यांचा मांडव पावसाळ्यात उडाला, मालकाने हिरवी शेडनेट लावली. बादल्यांची पद्धत टिकली. रात्रीचं सोडणं टिकलं, आणि आता मामा ते उघडपणे करतो. तीन टाक्यांपैकी दोन वापरात नाहीत, एकीत पिल्लं असतात. ती अजूनही हातात दिली जातात. डिसेंबरच्या गर्दीत दुसरी टाकीही पुन्हा भरली होती असं फोटोवरून दिसलं.

आणि एजन्सीच्या नव्या जाहिरातीत तिचा फोटो आला. पहिल्या दिवशीचा, तळहातावर पिल्लू घेतलेला. प्रवेश-अर्जावर छोट्या अक्षरांत छायाचित्रं वापरायला संमती दिलेली होती. तीन ईमेलनंतर तो काढला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महत्त्वाचा निर्णय विमानात बसण्याआधीचा. तिथे पोहोचल्यावर तिच्या हाती होती ती फक्त चिकाटी आणि थोडी चतुराई. पैसे भरण्याआधी तिच्या हाती पैसे होते, आणि या धंद्याला तीच एक भाषा नीट कळते. मी आता विचारायला सांगते ते प्रश्न असे. पिल्लं वर आल्यावर किती तासांत सोडता? ती हाताळू देता का? अंडी कुठून येतात, घरटी जागेवर का राखत नाही? नोंदी कोणत्या शासकीय खात्याकडे किंवा संशोधकांकडे जातात? परवाना आहे का, आणि माझा व्हिसा या कामाला चालतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उत्साहाने 'हो' आलं तर पुढचे विचारायची गरज नाही.

घरटी हलवण्याबद्दल एक खुलासा, कारण वाचणारा म्हणेल की वेळासलाही हलवतातच की. हलवतात, आणि हलवणं नेहमी वाईट नसतं. कुत्री, कोल्हे, भरतीची धूप, अंडीचोर, जिथे जागेवर घरटं टिकणारच नाही तिथे दुसरा इलाज नसतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरही मे महिन्यापासून समुद्र किनारा खातो. हॅचरी असणं हा दोष नाही. पिल्लू फुटल्यापासून समुद्रात जाईपर्यंत मधे कोणाचा सोयीचा वेळ घुसला आहे, तिथे बघावं.

दुसरा मुद्दा जरा कडू आहे. तिच्या श्रमाची तिथे गरज नव्हती. टाक्या घासायला गावातली माणसं मिळतात, आणि तिने भरलेल्या फीच्या लहानशा भागात एकाला महिनाभर पगार देता आला असता. तिच्या शिक्षणाची मात्र गरज होती: थर्मामीटर, वही, घरट्याची मोजणी. कार्यक्रमपत्रिकेत यातलं काहीच नव्हतं. कौशल्य असलेल्या मुलीला खराटा देणारा आणि कौशल्य नसलेल्याला पिल्लू देणारा कार्यक्रम कासवांसाठी आखलेला नसतो.

वही मात्र पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. चार दिवस वाया गेले, आणि त्या चार दिवसांत तिनेही पर्यटकांना नाळेची गोष्ट सांगितली होती. तिला त्याचं अजून वाईट वाटतं. मला तेवढं वाटत नाही. तिथे शिकवलं तेच तिने सांगितलं.

मामाला तिने निघताना पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. लाल काचेचा हेडटॉर्च घेतला. हे आधी सुचलं असतं तर इथूनच दोन-तीन नेता आले असते, तिथे ते महाग आहेत.

यंदा आणखी एक विद्यार्थिनी जायचं म्हणते आहे. तिने तीन एजन्सींना वरचे प्रश्न पाठवले. दोघींकडून दरपत्रक आलं. तिसरीने लिहिलं की पिल्लं हाताळू देत नाही, राहायची सोय साधी आहे, रात्रीची गस्त पायी असते आणि कासव दिसेलच असं नाही. तिने त्यांच्याकडे परवान्याची प्रत आणि व्हिसाबद्दल लेखी खुलासा मागितला आहे. तो येईपर्यंत आगाऊ रक्कम भरायची नाही, असं ठरलं आहे.